खाडीची वही

तारापूरजवळच्या घिवलीतल्या जुन्या नाखव्याला भरती कधी, असं विचारलं तर तो आधी तिथी आठवतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे ढोबळमानाने बारा. याच माणसाला सांगितलं जातं, की नदी-खाडीचं पाणी तपासणं हे शास्त्राचं काम, तुम्ही त्यात पडू नका. हा आक्षेप वरवर वाजवी वाटतो, म्हणून त्याचा समाचार नीट घ्यायला हवा.

आक्षेप घेणारे १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ पुढे करतात. नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने घ्यायचा, कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करून मोहोरबंद करायचे. हे पाळलं नाही तर अहवाल पुरावा म्हणून टिकत नाही. मग गावातल्या पोरांनी बाटलीत भरलेल्या पाण्याची किंमत काय?

कायदा त्यांनी बरोबर वाचला आहे, निष्कर्ष चुकीचा काढला आहे. गावाच्या बाटलीवर कोणाला शिक्षा होणार नाही, हे मान्य. पण मोहोरबंद नमुना घ्यायला अधिकाऱ्याने यायचं कधी? भरतीला घेतलेल्या नमुन्यात समुद्रच जास्त असतो. वरून काय उतरतंय ते सुकतीच्या अखेरीस कळतं. शिवाय पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद आणि श्वसन मात्र चालू. दुपारी गाडीतून उतरून तपासणाऱ्याला तोच आकडा बरा दिसतो आणि अहवाल खरा असूनही खाडीची अवस्था त्यात येत नाही. चिखलावरचे निवटे दिसेनासे झाले, चिंबोऱ्या बिळं सोडून वर आल्या, जाळ्याला चिकटा धरला, हे ज्याला पहाटे दिसतं तो खाडीवरच असतो. त्याला फक्त वही हवी.

दुसरा युक्तिवाद समुद्राच्या मोठेपणाचा: एवढ्या पाण्यात सगळं विरून जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण मिळाले, देशात सर्वांत जास्त. तिथलं सांडपाणी जिथे उतरतं ती नवापूर-दांडीची खाडी म्हणजे अथांग समुद्र नव्हे. सांडपाण्यातले जड धातू गाळात बसतात, आणि कालवं, शिंपल्या तेच पाणी गाळून जगतात. विरलेलं विष त्यांच्या अंगात पुन्हा साठतं.

गावकरी विकासाच्या आड येतात, हा आरोप तर मला सहनच होत नाही. घिवलीच्या शेजारी १९६९ पासून अणुवीज केंद्र उभं आहे. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. ज्यांनी घरं दिली त्यांनी खाडीबद्दल प्रश्न विचारायचा नाही?

आता आपल्या बाजूच्या एका चुकीबद्दलही बोललं पाहिजे. लोकसहभाग म्हणजे वर्षातून एकदा हातमोजे घालून किनाऱ्यावरच्या पिशव्या गोळा करणं, अशी समजूत पसरली आहे. पिशव्या उचलाव्यातच. पण पाण्यात विरघळलेलं रसायन त्या पोत्यात येत नाही. आणि गाव तपासतंय म्हणून मंडळाने हात झटकावेत, हेही चालणार नाही. गावाची नोंद मंडळाला कामाला लावण्यासाठी आहे.

अशा नोंदीला कायद्यात जागा आहे. त्याच १९७४ च्या कायद्याचं कलम ४९ कोणाही नागरिकाला साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात जाऊ देतं, आणि मागितल्यास मंडळाने त्याला संबंधित अहवाल द्यावेत असंही सांगतं. हरित लवादापुढे वादाचं कारण प्रथम घडल्यापासून साधारण सहा महिन्यांत जावं लागतं. अशा वेळी ‘गेली कित्येक वर्षं’ हे शब्द उपयोगी पडत नाहीत, तारीख लागते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने तारापूरच्या शंभराहून अधिक कारखान्यांवर आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवली. दाद मागायला मच्छीमारांचा समाज उठला, ही गोष्ट मला भरपाईच्या रकमेपेक्षा मोठी वाटते. अमेरिकेत हडसन नदीवर १९६६ मध्ये मच्छीमारांनीच संघटना बांधली. त्यांनी १८९९ चा एक विसरलेला कायदा शोधून काढला, ज्यात प्रदूषणाची खबर देणाऱ्याला दंडाचा वाटा मिळे. त्यांची सुरुवातही नदीवरच्या रोजच्या नजरेतूनच झाली.

वहीत काय लिहायचं? तिथी, वेळ, भरती की सुकती, जागा, रंग, वास, आम्लता मोजायच्या कागदी पट्टीचा रंग, जाळ्यात काय आलं आणि काय आलं नाही. सोबत फोटो. बिघाड दिसला की त्याच दिवशी मंडळाला लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. ती पानं ग्रामसभेत वाचायची, इतिवृत्तात नोंदवून घ्यायची. मंडळाकडे मागणी एकच: नमुन्याची वेळ कार्यालयाच्या घड्याळाने ठरू नये, खाडीच्या पाण्याने ठरावी. येत्या अमावास्येला भरती बाराला, म्हणजे सुकती पहाटे सहाच्या सुमारास. अधिकाऱ्यांना पत्र आजच जाऊ दे, त्याच पहाटे खाडीवर या म्हणून.