अण्णांची पेटी

दिवाळीची साफसफाई निघाली आणि माळ्यावरून अण्णांची पेटी खाली आली. अण्णा म्हणजे माझे वडील. सारी हयात रेल्वेत काढली, तीही इथेच, भुसावळला. रात्रपाळी असली की फलाटावरच्या दिव्यांखाली पडलेले पतंग ते टोपीत घालून घरी आणीत. "लोकांची माणसं येताना पेढे आणतात, आमच्याकडे किडे येतात!" असे म्हणून आई कपाळाला हात लावी. अण्णा मुकाट्याने पंख पसरून एकेक पतंग टाचणीवर चढवीत, टाचणीखाली नखाएवढी चिठ्ठी खोचीत आणि डांबराच्या गोळ्या टाकून पेटी बंद करीत.

माझी नात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. पेटी पाहताच ती हरखली. "आजोबा, यांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर ठेवू या. मोठमोठ्या संग्रहालयांत हेच काम चाललंय."

मला वाटले, पेटीवर कॅमेरा धरला की झाले! पण तसे नसते. एकेक फुलपाखरू उचलायचे, टाचणीखालच्या चिठ्ठ्या हलक्या हाताने काढून त्याच्याशेजारी मांडायच्या, मोजपट्टी आणि क्रमांक ठेवायचा, मग फोटो. पुढे चिठ्ठीवरचे बारीक अक्षर लावून गाव नि तारीख टिपायची, ते गाव नकाशावर शोधायचे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने ब्रिटनमधल्या फुलपाखरांचे असे १ लाख ८० हजारांवर नमुने नोंदवले. त्या तारखा जुन्या हवामानाशी ताडून पाहिल्या, तेव्हा दिसले की वसंत उबदार गेला की कितीतरी जातींची फुलपाखरे लवकर बाहेर पडतात. शंभर वर्षांपूर्वी कुणा हौशी माणसाने खोचलेल्या चिठ्ठीने हे सांगितले!

आपल्याकडेही असले हौशी होतेच. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली आठ जणांनी काढली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले, आणि कर्नल स्विन्हो हे तर फुलपाखरे-पतंगांचे नादिष्टच. १८८५ साली त्यांनी मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांवर निबंध लिहिला. आज सोसायटीच्या संग्रहात प्राणी-पक्षी-कीटकांचे लाखावर नमुने आहेत.

"पण आजोबा, जुन्या चिठ्ठीवर नुसतं 'खानदेश' लिहिलेलं असलं तर?" नातीने विचारले.

इथे मात्र मी सरसावून बसलो. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाला. तेव्हा १९०६ च्या आधीचे 'खानदेश' म्हणजे रावेरचा केळीचा मळा की तोरणमाळचे जंगल? दोन्हीकडची हवा सारखी का असते? लंडनच्या बाबूला हे कसे उमजावे! तिथे इकडचाच माणूस हवा. मी चांगला अर्धा तास बोललो असेन.

नातीने सगळे ऐकून घेतले आणि पेटी उघडली. "अण्णांच्या चिठ्ठ्या कुठायत?"

माझी वाचाच बसली. अण्णा गेले त्या वर्षी मीच ती पेटी 'नीट' केली होती. पिवळ्या पडलेल्या, किड्यांनी कुरतडलेल्या त्या चिठ्ठ्या बंबात घातल्या, तळाला पांढराशुभ्र कागद लावला आणि पतंग लहान-मोठे असे ओळीने बसवले. पाहुणे वाखाणत. मलाही त्याचा अभिमान होता.

पोर काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

रात्री झोप येईना. उठून ट्रंक उघडली, तर तळाशी अण्णांच्या हिशेबाच्या वह्या. दुधाचे, रॉकेलचे, वाण्याचे पैसे, आणि त्यांच्याच खाली अण्णांच्या बारीक अक्षरात: "फ. ३, रात्री पाऊस. मोठा पतंग, पंखांवर चार डोळे." वर तारीख! पेटीत चार डोळ्यांचा पतंग एकच आहे. मी नातीला तसेच हलवून उठवले.

तेव्हापासून आम्ही दोघे दुधाचे हिशेब वाचतो आहोत. त्रेचाळीसपैकी सात जुळले. "करडा, लहान" अशा नोंदी मात्र पुष्कळ आहेत, आणि करडे लहान पतंग पेटीत एकोणीस आहेत.