कोटिंग काढायचे किती घ्याल?

उंबऱ्याबाहेर

दिवाळी सरून थंडी पडली की सोसायट्यांच्या कमिट्यांकडे एक ठरावीक पाहुणा येतो. हातात दोन पेव्हर ब्लॉक. एक मळकट, दुसरा नुकतंच कोटिंग मारलेला, नुकता पावसात भिजल्यासारखा, लाल-पिवळा रंग उठून आलेला. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो आणि गप्प बसतो. पुढचं बोलणं कमिटीच करते. सेक्रेटरी चौरस फुटाचा दर विचारतात, खजिनदार घासाघीस करतात आणि आठवड्याभरात गाड्या बाहेर लावण्याची नोटीस लिफ्टमध्ये चिकटते. या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारत नाही: हा थर चार वर्षांनी काढायची वेळ आली तर काय घ्याल?

तो विचारावा आणि उत्तर कोटेशनवर लेखी घ्यावं, एवढ्यासाठीच आजचा स्तंभ खर्ची घालतो आहे. थर चढवायला एक-दोन दिवस पुरतात. उतरवायला आठवडा जातो, पैसे कितीतरी जास्त लागतात आणि हाती येतो तो पूर्वीचाच ब्लॉक, जरा झिजलेला.

बाजारात ‘सीलर’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली ब्लॉकच्या अंगात मुरते. सिलेन-सिलोक्सेन म्हणतात तिला. ती काँक्रीटच्या छिद्रांना आतून पाणी न धरणारी करते आणि वाफेला वाट मोकळी ठेवते. दिसायला काहीच फरक पडत नाही, म्हणून खपत नाही. तिचा असर काही वर्षांनी ओसरतो, तेव्हा स्वच्छ धुऊन पुन्हा मारायची. खरवडायला वर काही नसतंच. दुसरी पृष्ठभागावर पापुद्रा धरते. बहुतेक वेळा ते ॲक्रिलिक असतं, थिनरमधलं किंवा पाण्यातलं. कधी दोन डब्यांचं मिश्रण करून मारायचं पॉलियुरेथेन. ज्याला आपल्याकडे सरसकट ‘लॅकर’ किंवा ‘कोटिंग’ म्हणतात ते हेच. टेबलावरचा चमकणारा ब्लॉक याच्याच कृपेने चमकत असतो.

पापुद्र्याचं भांडण खालच्या ओलीशी असतं. पेव्हर ब्लॉक वाळूवर किंवा कचीवर बसवलेले असतात आणि आपल्याकडे चार महिने ती कच ओली असते. पाऊस उघडला, ऊन पडलं की ओल वाफ होऊन वर निघते. वाट बंद दिसली की पापुद्र्याखाली साचते आणि लाल ब्लॉक दुधाळ, पांढरट दिसू लागतो. वर्ष-दोन वर्षांत गाड्यांची चाकं जिथे वळतात तिथे थर सोलवटतो आणि बाकी ठिकाणी चिकटून राहतो. मग अंगण कोड फुटल्यासारखं दिसतं. कमिटी त्याच माणसाला फोन करते, तो वरून आणखी एक हात मारून जातो. दोन दिवस छान दिसतं. थर जाड झाल्यामुळे वाफेची उरलीसुरली वाटही जाते आणि पुढच्या दिवाळीला काढायचे थर दोन झालेले असतात.

आता काढण्याची प्रक्रिया. आधी ठरवायचं की पांढरं दिसतंय ते नेमकं काय आहे, कारण तीन वेगळे रोग एकाच रंगाचे आहेत. कोपऱ्यातला एक ब्लॉक घ्या आणि त्यावर पाणी टाका. पांढरेपणा ओलं असेपर्यंत गायब होऊन वाळल्यावर परतला, तर बहुतेक ते क्षार आहेत: सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो. नव्या ब्लॉकवर हे होतंच आणि बऱ्याचदा दोन पावसाळ्यांत आपसूक कमी होतं. बोअरच्या जड पाण्याने गाड्या धुण्याच्या जागी पांढरं असेल, तर क्षार वरून आलेत. ब्लॉकचा दोष नाही. पाण्याने फरक पडत नसेल, तर फडक्यावर थोडं झायलीन (एक प्रकारचं थिनर) घेऊन चोळा. जागा चिकट झाली आणि पांढरेपणा विरघळला, तर थर थिनरमधल्या ॲक्रिलिकचा आहे. इथे एक खुशखबरही आहे: थर पातळ असेल आणि नुसती ओल अडकली असेल, तर कोरड्या दिवसात वरून झायलीनचा एक हात दिला की तो विरघळून पुन्हा नीट बसतो आणि ओल निघून जाते. हे करून पाहण्याआधी संपूर्ण थर खरवडायचं कंत्राट देऊ नये. झायलीनने काहीच होत नसेल, तर पॉलियुरेथेनची शंका घ्या आणि खिसा सांभाळा. ते रसायनाने नीट सुटत नाही, यंत्राने घासावं लागतं आणि घासताना ब्लॉकचा वरचा रंगीत थरही जातो. तो थर असतो काही मिलिमीटरचाच.

ॲक्रिलिक काढायचं तर स्ट्रिपर (थर सैल करणारं रसायन) पसरायचा, तो वाळू नये म्हणून वर प्लास्टिक घालायचं, थर फुगून जेलीसारखा झाला की ताठ ब्रशने घासायचा, लगदा गोळा करायचा आणि मग धुवायचं. जिथे दोन-तीन हात मारले आहेत तिथे हे सगळं पुन्हा. ब्लॉकच्या खोबणीत आणि सांध्यांत राहिलेला थर हाताने काढावा लागतो. मजुरीचा मोठा वाटा तिथेच जातो. लगदा भुशात किंवा वाळूत मुरवून उचलायचा असतो. प्रत्यक्षात तो पाइप लावून पावसाळी गटारात ढकलला जातो आणि गटार नाल्याला, नाला नदीला मिळतो.

धोक्याचं बोलायला हवं, कारण कोटेशनमध्ये त्याची ओळच नसते. तिशीच्या आसपासच्या तापमानाला झायलीनची वाफ पेट घेण्याजोगी होते. पुण्या-नागपुरातलं मार्चचं दुपारचं ऊन त्याच्या पुढचंच असतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती वर न जाता रॅम्पवरून खाली बेसमेंटमध्ये उतरते. तिथे मीटर, पंप, गाड्या आणि एखाद्याची बिडी. कामगाराच्या तोंडाला बांधलेला रुमाल या वाफेपुढे काहीच कामाचा नाही. त्यासाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो. अंगण पॉडियमवर असेल तर आणखी एक गोष्ट: सांध्यांतून झिरपलेलं झायलीन खालच्या डांबरी वॉटरप्रूफिंगला विरघळवू शकतं. वरचा पापुद्रा काढण्याच्या नादात खालच्या पार्किंगचं छत गळायला लावायचं, असा हा सौदा. मिथिलीन क्लोराइडचे स्ट्रिपर भराभर काम करतात, पण घरगुती वापरासाठी त्यांची किरकोळ विक्री अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१९ मध्येच बंद केली आणि २०२४ मध्ये बाकीच्या बहुतेक वापरांवरही बंदी आणली. त्यांच्या वाफेने माणसं दगावली होती. बेंझिल अल्कोहोलचे स्ट्रिपर सौम्य असतात. ते वेळ खातात, म्हणून ठेकेदाराला आवडत नाहीत.

सगळ्यांत जास्त नासधूस करतं ते दारोदार कॅनमधून विकलं जाणारं ॲसिड. त्याने ॲक्रिलिकचा थर निघत नाही. निघतं ते सिमेंट. ब्लॉक खरखरीत होतो, खडी उघडी पडते आणि लोक म्हणतात, बघा किती स्वच्छ झालं. क्षारांसाठी अगदी पातळ ॲसिड, आधी ब्लॉक पाण्याने भिजवून, जाणत्या माणसाने वापरणं वेगळं. जुन्या वाड्या-बंगल्यांच्या अंगणात असते त्या शहाबादी फरशीवर मात्र एक थेंबही नको. शहाबादी, कोटा, कडप्पा, तांदूर हे सगळे चुनखडीचे दगड. ॲसिड पडलं की फसफसतात आणि कायमचे डागाळतात. शेवाळासाठी आधी ब्लीचिंग पावडर मारलेली असेल आणि त्यावर कुणी ॲसिड ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो. हे सफाईवाल्या मावशींना कुणी सांगितलेलं नसतं, आणि डबे दोन्ही त्यांच्याच हातात दिलेले असतात.

ही हौस मूळची आपली नव्हे. काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक रस्त्यांवर आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये, भाजलेल्या विटांची टंचाई असताना. तिथल्या गल्ल्यांमध्ये ते आजही वाळूवर बसवतात. पाइप टाकायचा असला की उचलतात आणि काम झालं की तेच परत बसवतात. वर लॅकर मारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. ते आलं अमेरिकन उपनगरांत, फ्लोरिडाच्या ड्राइव्हवेवर आणि पोहण्याच्या तलावांभोवती, जिथे घरमालक संघटना मळकट ड्राइव्हवेबद्दल पत्र धाडते. टँपाकडे राहणाऱ्या आमच्या ओळखीतल्या एका बाईंना असं पत्र आलं आणि त्यांनी मला दोन अंदाजपत्रकं पाठवून विचारलं, एवढा फरक का? फरक असा की तिथे साध्या सीलिंगला चौरस फुटामागे साधारण १ ते ३ डॉलर पडतात, आणि आधीचा थर उतरवून, सांध्यांत वाळू भरून पुन्हा सील करायचं तर आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो. घर त्यांनी विकत घेतलं तेव्हा ड्राइव्हवे फार चमकत होता म्हणे. आधीच्या मालकाने विक्रीच्या तोंडावर मारलेल्या थराचं बिल त्यांच्या नावावर आलं.

आपल्याकडचे दर मी देत नाही; ते गल्लीगणिक बदलतात. त्यापेक्षा हिशेब सांगतो, तो कुठेही चालेल. ॲक्रिलिक सीलर पहिल्या हाताला लिटरमागे साधारण अडीच ते साडेतीन चौरस मीटर पुरतो, दुसऱ्या हाताला थोडा जास्त. तुमचं अंगण ५,००० चौरस फुटांचं, म्हणजे सुमारे ४६५ चौरस मीटर असेल, तर दोन हातांना अडीचशे लिटरच्या आसपास माल लागायला हवा. ठेकेदाराला दराऐवजी लिटर विचारा. तो वीस लिटरच्या चार डब्यांत काम होईल म्हणाला, तर तुम्ही थिनरचे पैसे मोजणार आहात. काम संपल्यावर रिकामे डबे मोजून घ्या. त्याला वाईट वाटेल, वाटू दे. आणि दर कितीही असो, त्याच्या दुप्पट रक्कम चार-पाच वर्षांनी उतरवण्यासाठी बाजूला काढायची तयारी आहे का, हे वार्षिक सभेत विचारा. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी गोळा होतो तो बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दराने. त्यातून लिफ्टपासून गळक्या गच्चीपर्यंत सगळं भागवायचं असतं. सिंकिंग फंडाकडे तर या कामासाठी बघूच नये.

मग मळकट अंगण तसंच ठेवायचं का? नाही. पण पैसे सांध्यांत घाला. ब्लॉक एकमेकांना धरून असतात ते मधल्या दोन ते चार मिलिमीटरच्या फटीतल्या वाळूमुळे. जेट वॉशिंगवाला जोर दाखवायला नोझल सांध्यांवर धरतो, वाळू उडून जाते, महिन्याभरात ब्लॉक हलायला लागतात आणि रॅम्पजवळ खड्डा पडतो. धुताना नोझल तिरकं आणि लांब हवं. धुऊन वाळल्यावर कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत भरायची, प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा, पुन्हा भरायची. मान्य, हे काम झाल्याचं कुणाला दिसत नाही आणि अध्यक्षांना त्याचा फोटो ग्रुपवर टाकता येत नाही. पण पावसाळ्यात आजोबा घसरून पडले ही बातमीही ग्रुपवर येत नाही. लॅकर मारलेला ब्लॉक ओला झाला की काय होतं, हे आजोबांना विचारा.

सील करण्याजोग्या जागाही आहेत. जिथे गाड्यांचं तेल रोज ठिबकतं, जिथे सणाला चुली आणि कढया मांडल्या जातात, तिथे आत मुरणारा, तेल धरू न देणारा सीलर मारून घ्यावा. नव्या ब्लॉकला एक पावसाळा पाहू द्यावा, क्षार निघून जाऊ द्यावेत. मारायचा हंगाम दसऱ्यानंतर अंगण पुरतं वाळलं की होळीपर्यंत. तोही सकाळचं दव उडून गेल्यावर. आणि कमिटीला चकाकीच हवी असेल, तर आधी फाटकाजवळचा एक कोपरा करून घ्या, त्यावरून एक पावसाळा जाऊ द्या, मग त्याच ठेकेदाराला तेवढा तुकडा उतरवून दाखवायला सांगा. तुकड्याला लागलेला वेळ आणि माल मोजला की पूर्ण अंगणाचा आकडा कागदावर मांडता येतो.

ज्यांच्याकडे आधीच दोन-तीन थर बसले आहेत त्यांनी सगळं अंगण खरवडण्याआधी आणखी एक गोष्ट करावी. ब्लॉक बसवले तेव्हा उरलेले शे-दीडशे ब्लॉक कुठेतरी असतात. वॉचमनच्या खोलीमागे, पंपहाउसच्या भिंतीशी, नाहीतर कुंड्यांखाली. ते आधी मोजा. जास्त दिसणाऱ्या जागचे सोलवटलेले ब्लॉक उचलून त्या जागी हे बसवणं, हे मिस्त्री आणि दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे आणि त्याला थिनर लागत नाही.