यादीत नाही म्हणजे नाहीच?

मंडळी, आज डोकं जरा फिरलंय, त्यामुळे खाण्याबिण्यावर नाही, माझ्या पोटापाण्याच्या कामावर लिहिणार आहे. कॉम्प्युटर म्हटलं की जांभई देणाऱ्यांनीही (काकू, तुम्हीच!) वाचा, कारण गोष्ट शेवटी मासळीपर्यंत जाते.

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. हल्ली फारसा कोड लिहावा लागत नाही. तयार प्लॅटफॉर्म असतो, त्यावर फॉर्म मांडायचे, रिपोर्ट मांडायचा आणि त्याला नियम लावायचा: 'स्थिती या यादीतली असेल तरच दाखव'. हव्या त्या शब्दांवर टिक करा, झालं. दोन मिनिटांचं काम. माझं भांडण या दोन मिनिटांशीच आहे.

तीन वर्षांपूर्वी सांडपाण्याच्या नमुन्यांचा असाच एक रिपोर्ट मी केला. यादीत तीन स्थिती: 'नवीन', 'तपासणी चालू', 'अहवाल बाकी'. उरलेलं काम साहेबांना रोज सकाळी दिसावं, एवढाच हेतू. यंदा लॅबवाल्यांनी ड्रॉपडाऊनमध्ये चौथी घातली, 'पुन्हा नमुना'. म्हणजे ज्याचा आकडा मर्यादेबाहेर गेला आणि खात्री करायची आहे, तो. माझ्या रिपोर्टला ही चौथी माहीतच नाही! जे सगळ्यात आधी दिसायला हवं तेच गायब. एरर नाही, सूचना नाही. उलट रिपोर्ट छान आटोपशीर दिसायला लागला, साहेब खूष. सहा आठवड्यांनी लॅबमधल्या मुलीने विचारलं, "सर, माझे अकरा नमुने कुणी बघतंय का?" चूक सरळसरळ माझी होती.

आता मासळी. एमआयडीसीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपलाइनने आमच्या नवापूरच्याच समुद्रात सोडतात. माझे काका याच किनाऱ्यावरून होडी काढतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं होतं (असला पहिला नंबर कुणाला हवाय!). अशा गावात 'रिपोर्टमध्ये दिसलं नाही' हे उत्तर मी काकांना कोणत्या तोंडाने देणार?

आमच्यातले शहाणे म्हणतात, यादी अपडेट ठेवा की! अहो, पण ठेवणार कोण? यादी बदलते लॅबमध्ये, नियम पडलाय माझ्याकडे, आणि मधे कुणी कुणाला सांगत नाही. लॅबचं सोडा, सरकारी यादीही बदलते. उद्योगांचे रंग घ्या. आधी लाल, नारिंगी, हिरवा. २०१६ मध्ये पांढरा आला. २०२५ मध्ये निळा आला. ज्यांनी रिपोर्टात रंगांची नावं टिक करून ठेवली असतील त्यांच्याकडे निळे उद्योग दिसणारच नाहीत, आणि दिसत नाहीत हेही कळणार नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. राहिलेलं काम दाखवणाऱ्या रिपोर्टात 'यादीत असेल तर दाखव' हा नियम लावूच नये. उलटा लावा: 'संपलेल्यांच्या यादीत नसेल तर दाखव'. मग अनोळखी स्थिती आली की ती आपोआप समोर येते. त्याहून बरं म्हणजे स्थितींच्या मास्टरमध्येच 'काम संपलं का' असा हो-नाहीचा रकाना ठेवा आणि तो सक्तीचा करा. नवी स्थिती घालणाऱ्याला तिथेच उत्तर द्यावं लागेल. आणि एक खोच: रकाना रिकामा असेल तर बऱ्याच डेटाबेसमध्ये ती नोंद 'यादीत आहे' मध्येही येत नाही आणि 'यादीत नाही' मध्येही येत नाही. अधांतरी! तेव्हा 'किंवा रिकामा असेल तर' हे वेगळं लिहावंच लागतं.

पैसे देताना मात्र मी यादीच्याच बाजूने. मंजूर पुरवठादारांत नाव नसेल तर बिल अडलेलंच बरं. तिथे चुकून आत येणं महाग, इथे चुकून बाहेर राहणं महाग. हा फरक न बघता सगळीकडे तोच टिक मारायचा, याचा राग येतो.

असो. परवा रिपोर्ट उलटा करून लावला. दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांचा फोन, "अरे, त्या अकरांशिवाय हे आणखी सतरा कुठून आले?" स्थितीचा रकानाच रिकामा असलेले निघाले, त्यातले काही गेल्या वर्षीचे. उद्या त्या मुलीबरोबर बसून एकेक बाटलीचा नंबर लावायचा आहे.