टाकीत झाडं लावा, इंद्रायणीला मात्र मोकळं ठेवा

इंदुरी, तळेगाव, सोमाटणे, देहू या पट्ट्यात आता घराघरांत फिश टँक दिसतात, आणि माळ्यावर टाकलेले रिकामे टँकही दिसतात. मुलांनी हट्ट धरला म्हणून टँक येतो. सोबत फिल्टर, एअर पंप, प्लॅस्टिकची झाडं, निळे-गुलाबी खडे आणि चार गोल्डफिश येतात. महिन्याभरात पाणी हिरवं होतं, एकेक मासा पोट वर करून तरंगायला लागतो, मुलं रडतात आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, नको ती कटकट. अशा घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे, टाकी पुन्हा खाली काढा. या वेळी पैसे यंत्रांवर न घालता झाडांवर घाला. आणि पहिल्या दिवसापासून एक नेम पाळा: इंद्रायणी नदीतलं काही टाकीत यायचं नाही आणि टाकीतलं काही इंद्रायणीत जायचं नाही.

मासे मरतात कशाने, ते आधी समजून घ्या. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, त्याचा माशांना फारसा त्रास नसतो. हे जिवाणू वाळूवर, काचेवर, मुळांवर वस्ती करतात आणि त्यांचं बस्तान बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे मात्र दर रविवारी टाकी रिकामी करून, खडे घासूनपुसून सगळं चकाचक करायची पद्धत आहे. त्या घासण्यात ही सगळी वस्ती वाहून जाते आणि सोमवारपासून मासे पुन्हा विषात पोहतात. स्वच्छतेच्या आवडीपायी इतके जीव जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

झाडं असली की चित्र बदलतं, कारण पाण्यातली झाडं अमोनिया थेट शोषून घेतात. मावळातल्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. खाचरात युरिया टाकल्यावर भात काळाभोर होतो तो त्याच अमोनियावर. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ मध्ये ‘इकॉलॉजी ऑफ द प्लँटेड ॲक्वेरियम’ हे पुस्तक लिहून नेमकं हेच सांगितलं: तळाला साधी माती, वर वाळू, झाडं भरपूर, मासे थोडे. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नको, महागडी आयती माती नको. आपल्यासारख्या मोजून-मापून खर्च करणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही. टाकी जुनी मिळाली, तर माझ्या हिशेबाने सगळं दोन हजारांच्या आसपास बसतं.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घ्या. जुनी चालेल, पण आधी अंगणात काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा आणि सांधे पाझरतात का ते पाहा. यात पन्नास-एक लिटर पाणी मावतं, म्हणजे माती, वाळू, काच धरून सत्तर किलोंच्या पुढे वजन. टीव्हीच्या शोकेसवर ती ठेवू नका. भिंतीत बसवलेली भक्कम कडप्पा फरशी किंवा लोखंडी स्टँड हवा, आणि खाली थर्माकोलचा तुकडा हवा, म्हणजे खालच्या उंचसखलपणाने काच तडकत नाही.

माती खाचरातली नको, तिच्यात खताचा अंश असतो. शेणखत घातलेली तर मुळीच नको. कुंडीतली जुनी, निःसत्त्व झालेली माती घ्या, चाळा, बादलीत भिजवा, वर तरंगणारा काडीकचरा काढून टाका. तळाला एक इंच माती, तिच्यावर एक इंच धुतलेली जाडसर वाळू. चिमूटभर वाळू वाटीत घेऊन वर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तिच्यात चुना किंवा शिंपल्यांची भर आहे, ती पाणी जड करत राहील, बदलून आणा. दगड हवे असतील तर शेताच्या बांधावरचे काळे दगड घासून वापरा. त्यासाठी इंद्रायणीतल्या कुंडमळ्याच्या रांजणखळग्यांत उतरू नका. तिथली जागा किती घातकी आहे, ते १५ जून २०२५ रोजी तिथला नदीवरचा पूल कोसळला तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

आता झाडं. इथे मात्र हात आखडू नका, पहिल्याच दिवशी निम्मा तळ झाकला जाईल इतकी लावा. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला. व्हॅलिसनेरिया लावताना पानं आणि मुळं जिथे जुळतात ती पांढरट जागा वाळूच्या वर राहू द्या, ती गाडली की झाड कुजतं. जावा फर्न आणि ॲन्युबियास यांचं खोड आल्याच्या कुडीसारखं आडवं असतं. ते वाळूत पुरायचं नसतं, साध्या शिवणाच्या दोऱ्याने दगडाला बांधायचं. काही आठवड्यांत मुळं दगड धरतात. दोन्ही झाडं संथ वाढतात, कमी उजेडात टिकतात आणि वर्षानुवर्षं राहतात. शिवाय घरात मनीप्लांट असेलच. त्याची एक फांदी टाकीच्या कडेला अशी अडकवा की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील. फुकटचं झाड आहे, आणि पाण्यातलं नायट्रेट ते झपाट्याने ओढतं. पहिल्या पंधरवड्यात काही झाडांची जुनी पानं विरघळतील. घाबरून उपटू नका, सडलेली पानं कापा आणि नवी फुटायची वाट पाहा.

पाणी भरताना वाळूवर एक ताटली ठेवा आणि तिच्यावर बारीक धार सोडा, म्हणजे माती वर उठत नाही. नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लिचिंग) पावडरचं क्लोरीन असतं. ते पाणी उघड्या बादलीत पूर्ण एक दिवस ठेवून मगच वापरा. पावसाळ्यात पावडरची मात्रा वाढते, तेव्हा दोन दिवस ठेवलेलं बरं. उजेडाला नऊ वॉटचा पांढरा एलईडी बल्ब पुरतो, रोज सहा ते आठ तास. भर उन्हाच्या खिडकीत टाकी ठेवली तर शेवाळ आलंच म्हणून समजा.

यानंतर निदान तीन आठवडे मासे आणायचे नाहीत. मुलांना हे जड जाईल. त्यांना रोज झाडांचं नवं पान शोधायचं काम द्या.

मासे सहा ते आठ, त्याहून जास्त नकोत. गप्पी सगळ्यात सोसणारे आणि स्वस्त. फक्त नर घ्या, नाहीतर काही महिन्यांत टाकी पिलांनी भरेल. गोल्डफिशला ही टाकी अपुरी पडते. दुकानदार ‘काच साफ ठेवतो’ म्हणून सकर मासा गळ्यात मारतात, तो घेऊच नका. तो फूटभर वाढतो आणि साफ करण्यापेक्षा घाणच जास्त करतो. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढी चिमूट, आणि आठवड्यातून एक दिवस माशांना उपास. चार दिवस गावाला गेलात तरी त्यांना काही होत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज तासन्तास जाते. पंपावर जगणाऱ्या गच्च भरलेल्या टाकीत तेव्हा मासे तडफडतात. झाडं भरपूर आणि मासे मोजके असले की तेवढा वेळ सहज निभतो.

देखभाल म्हणाल तर पंधरा दिवसांनी नळीने पाचवा हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच साठवलेलं पाणी घालायचं. काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला, ते उत्तम खत आहे. काच पुसा, पण वाळू उपसू नका.

आणि आता नदीचं. इंद्रायणीवर दरवर्षी हिरवी चादर पसरते ती जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचं झाड म्हणून ती भारतात आली. कुणाच्या तरी तळ्यातली जांभळी फुलं होती ती. आज तीच काढायला यंत्रं आणि माणसं लावावी लागतात. उजनी धरणात आफ्रिकेतल्या चिलापीने कसं बस्तान मांडलं, ते तिथल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. इंदुरीला सोडलेला मासा तुळापूरला भीमेत पोचतो आणि भीमेतून उजनीत. मरळ, वांब, महसीर हे आपले मासे. महसीर टिकावा म्हणून आपल्याच मावळ तालुक्यात, लोणावळ्याजवळ वळवणला, टाटा पॉवर १९७० च्या दशकापासून त्याची पिलं तयार करत आली आहे. एकीकडे हे काम चालू असताना आपण घरातले नकोसे मासे ‘जीव वाचवला’ म्हणून पुलावरून सोडावेत, हे मला पटत नाही. गप्पी नदीत तगला तर मूळच्या माशांची अंडी-पिलं खातो. तगला नाही तर तो स्वतः मरतो. यात पुण्य कुठेच नाही.

उलटंही तितकंच खरं. नदीतलं शेवाळ, झाडं, पिलं उचलून टाकीत आणू नका. सांडपाण्यातले रोग त्यांच्यासोबत घरात येतात.

छाटलेली झाडं गटारात किंवा संडासात टाकू नका. हायड्रिलाच्या बोटभर तुकड्यातूनही नवं झाड उभं राहतं. गच्चीवर कडक उन्हात वाळवून खतखड्ड्यात घाला. बदली झाली, हौस संपली, टाकी मोडायची वेळ आली, तर मासे दुकानदाराला परत द्या किंवा ओळखीतल्या दुसऱ्या हौशी घराला द्या. शाळेत टाकी असेल तर मुख्याध्यापकांना विचारून तिथे द्या. यातलं काहीच जमत नसेल, तर घेणारा सापडेपर्यंत जाळी लावलेल्या ड्रममध्ये मूठभर हायड्रिला घालून ते सांभाळा. आठवडाभर त्यांना खाद्यही लागत नाही.