आधीं पक्षीण, मग प्रतीक

निवृत्ति चौकांतील अर्ध्या शिवाजीच्या पुतळ्यापुढून जो विद्यार्थी रोज शाळेस येतो, त्यास प्रतीक म्हणजे काय हें व्याख्येनें शिकविण्याची गरज नसावी. पुतळा एका पुरुषाचा. परंतु त्यास हार घालणाऱ्या शिवाजी पेठेच्या मनांत स्वराज्य, धैर्य, रयतेची काळजी असे कितीतरी अर्थ उभे असतात. मात्र हे अर्थ पुतळ्यास वरून चिकटविलेल्या चिठ्ठ्या नव्हेत. त्या पुरुषाचें चरित्र ज्यास ठाऊक नाहीं, त्यास ते अर्थ केवळ शब्द होत. काव्याचेंही असेंच आहे.

वर्गांत मात्र आम्हांस निराळा प्रकार दिसतो. कविता पुरती वाचून होण्यापूर्वींच प्रश्न येतो, "सर, हें कशाचें प्रतीक?" मार्गदर्शिकेंतील एक शब्द वहींत उतरला कीं काव्य संपलें! केशवसुतांची १८९३ सालची 'तुतारी' म्हणजे क्रांति. पुढें पाहावयाचें कांहीं उरत नाहीं. पण ज्यानें मिरवणुकींत तुतारी ऐकली आहे, त्यास ठाऊक असतें कीं, ती निजलेल्यास निजूं देत नाहीं. कवीनें बांसरी सोडून तुतारीच कां मागितली, याचें उत्तर त्या आवाजांत आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची 'केवढें हें क्रौर्य!' ही कविता घ्या. माणसाच्या क्रौर्यास बळी पडलेली पक्षीण पिलांसाठीं शेवटचा घास घेऊन घरट्यास परतते व प्राण सोडते. एका विद्यार्थ्यानें लिहिलें कीं, ही पक्षीण म्हणजे प्रभु येशू ख्रिस्त. आम्ही ख्रिस्ती, हें उत्तर आम्हांस आवडेल असें त्यास वाटलें असावें. तरी आम्हीं त्यास पुरे गुण दिले नाहींत. त्या उत्तरांत ना चोंचींतला घास होता, ना अंगांतून गळणारें रक्त, ना तीं पिलें. टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला हें खरें. परंतु कवीच्या चरित्रांतला दाखला म्हणजे कवितेंतला पुरावा नव्हे. पक्षिणीच्या वेदनेंतून तो विद्यार्थी वधस्तंभापर्यंत पोहोंचला असता, तर आम्हीं त्याचें म्हणणें आदरानें ऐकलें असतें. त्यानें पक्षीण ओलांडूनच उडी मारली.

स्वभावचित्राची गोष्ट वेगळी नाहीं. आपल्याच शहरांत शिक्षक असलेल्या शिवाजी सावंतांनीं 'मृत्युंजय' या १९६७ सालच्या कादंबरींत कर्णाची कथा सहा जणांच्या मुखानें सांगितली. एक माणूस ओळखावयास लेखकास सहा मुखें लागलीं. आमचे विद्यार्थी त्यास 'दानशूर' या एका शब्दांत आटोपतात!

या बाबतींत आम्हांस पवित्र शास्त्रांतील एक प्रसंग नेहमीं आठवतो. दावीद राजानें उरीयाची पत्नी हिरावून घेऊन त्याचा घात करविला. तेव्हां नाथान संदेष्ट्यानें राजास एक गोष्ट सांगितली. एका गरिबाजवळ एकच मेंढी होती. ती त्यानें लेकराप्रमाणें वाढविली. त्याच नगरांतील धनवानानें आपल्या पाहुण्यासाठीं तीच कापली. राजा संतापला. तेव्हां संदेष्टा म्हणाला कीं, तो मनुष्य तूंच. दाविदानें आधींच "ही मेंढी कशाचें प्रतीक?" असें विचारलें असतें, तर तो सावध होऊन निसटला असता. मेंढीसाठीं त्याचें मन कळवळलें, म्हणूनच अर्थ त्याच्या काळजापर्यंत पोहोंचला.

पालक म्हणतील, परीक्षेचें काय? आमचें उत्तर असें कीं, कवितेंतील आधार देऊन स्वतःच्या शब्दांत लिहिणारा विद्यार्थी परीक्षेंतही मागें राहात नाहीं. म्हणून घरीं मुलास "किती गुण मिळाले?" असें विचाराल, तेव्हां "पक्षिणीच्या चोंचींत काय होतें?" हेंही विचारीत जा.

आणि विद्यार्थ्यांनो, पक्षीण कशाचें प्रतीक हें तुम्हांस कदाचित् कधींच एका शब्दांत सांगतां येणार नाहीं. पण रंकाळ्याच्या कांठीं एखाद्या पांखरावर धोंडा उगारलेला तुमचा हात आपोआप खालीं आला, तर कविता तुम्हांस समजली असें आम्ही खुशाल समजूं.