व्होल्टांचा आकडा म्हणजे दाब नव्हे

सतराव्या शतकात टॉरिचेलीने काचेच्या नळीत पारा भरला, तेव्हापासून दाब ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट झाली. स्तंभाची उंची हेच दाबाचे माप होते. पारा विषारी असल्यामुळे तो आता उपकरणांतून हद्दपार होत आहे, आणि हे योग्यच आहे. परंतु त्याच्या जागी आलेला सिलिकॉनचा संवेदक उंची दाखवीत नाही. तो केवळ व्होल्ट देतो. त्या व्होल्टांवरून दाब काढण्याचे सूत्र विद्यार्थी पत्रकातून जसेच्या तसे उतरवून घेतात. निदान शाळेच्या प्रयोगशाळेत तरी असे होऊ नये, असे आमचे मत आहे.

ताण पडला असता सिलिकॉनचा विद्युत्‌रोध बराच बदलतो, हे चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ साली दाखविले. संवेदकातील सिलिकॉनच्या पातळ पडद्यावर असे चार रोध व्हीटस्टन सेतूच्या पद्धतीने जोडलेले असतात. दाबाने पडदा वाकला की सेतूचा तोल ढळतो व अल्पशी व्होल्टता उत्पन्न होते. तीच वाढवून बाहेर दिली जाते. (मराठीत हिला विद्युत्‌दाब असेही म्हणतात, पण एका प्रयोगात दोन दाब नकोत.)

० ते १० किलोपास्कल मोजणारा एक संवेदक घेऊ. पुरवठा ५ व्होल्टांचा असताना तो शून्य दाबास ०.२ व्होल्ट आणि १० किलोपास्कलला ४.७ व्होल्ट देतो. म्हणजे दर किलोपास्कलमागे ०.४५ व्होल्ट. मापकावर २.४५ व्होल्ट दिसल्यास त्यातून ०.२ वजा करून बाकीस ०.४५ ने भागावे. दाब ५ किलोपास्कल येतो. वजाबाकी विसरणारास ५.४४ मिळतील, आणि हे उत्तर इतके संभाव्य दिसते की चूक उमगणारही नाही.

याहून फसवी गोष्ट पुरवठ्याची. तो ४.७५ व्होल्टांवर उतरला, तर तोच दाब २.३३ व्होल्ट देईल आणि सूत्र निमूटपणे ४.७३ किलोपास्कल सांगेल. दाब रतिभरही बदललेला नसतो. रक्तदाबाच्या विद्युत्‌यंत्रांतही याच जातीचा संवेदक असतो. तेथे पाच टक्क्यांची तूट राहिली, तर १४० मिलिमीटरांचे १३३ दिसतील, आणि औषध द्यावे की नाही हा निर्णय तेवढ्यावर फिरू शकेल.

कारखान्यात जुळवणी झालेलीच असते, मग तासिका का खर्चावी, असे कोणी विचारील. जुळवणी संवेदकाची झालेली असते. शाळेतील घटाची व मापकाची नव्हे. खर्चही फारसा नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षराप्रमाणे वाकवून तीत पाणी घालावे. तिचे एक टोक संवेदकास जोडावे व दुसरे हवेस उघडे ठेवावे. उघड्या भुजेत पाणी वाढवीत जाऊन, दोन्ही भुजांतील पातळ्यांचा फरक दर दहा सेंटिमीटरांनी वाढेल तेव्हा व्होल्ट टिपावे. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे ०.९८ किलोपास्कल; तेव्हा प्रत्येक पायरीस सुमारे ०.४४ व्होल्टांची वाढ दिसली पाहिजे. हे आकडे आलेखपत्रावर मांडून रेषा काढावी, आणि शून्य दाबास ती कोठे येते ते पत्रकातील आकड्याकडे न पाहता वाचावे.