व्हॉल्व्हची ऊब आणि यतनेची सवय

आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 साली सुरू झाले. त्या काळात वर्ध्यातील ज्या पेढीवर किंवा घरात रेडिओ असे, तेथील लहानथोरांना एक गोष्ट ठाऊक असे: कळ फिरवली म्हणून आवाज लगेच येत नाही. आतील काचेच्या नळ्या तापून मंद केशरी दिसू लागेपर्यंत थांबावे लागे. त्या नळ्यांना सर्वजण ‘व्हॉल्व्ह’ म्हणत. पुढे ट्रान्झिस्टर आला, रेडिओ खिशात मावू लागला आणि थांबण्याची ती सवय मोडली. आता तीच नळी काही घरांत नातवंडांच्या खोलीत परतली आहे. गिटार शिकणारा मुलगा किंवा मुलगी परीक्षेतील यशाबद्दल जो ‘ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर’ मागते, त्यातील ट्यूब म्हणजे आजोबांच्या रेडिओतील व्हॉल्व्हच होय.

गिटारच्या तारांतून निघणारा विद्युत संकेत अतिशय क्षीण असतो. व्हॉल्व्ह तो वाढवतात आणि आवाज चढवला की त्याला एक भरदार, किंचित खरखरीत गोडी देतात. या गोडीसाठीच वादक हे महाग, जड आणि नाजूक यंत्र पसंत करतात. अशा यंत्राची निगा कशी राखावी, हे विकत घेण्यापूर्वीच घरातील मोठ्यांनी जाणून घेणे हिताचे आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांतील एक आदान-निक्षेप समिती: वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, सावधपणे वागणे. ही शिकवण मुनिचर्येसाठी असली तरी तिच्यातील यतना गृहस्थालाही उपयोगी पडते. या यंत्राच्या बाबतीत तर ती अक्षरशः लागू पडते.

पहिली यतना जिवाची. या अ‍ॅम्प्लिफायरच्या आत 300 ते 450 व्होल्टपर्यंतचा दाब असतो. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये तो काही काळ साठून राहू शकतो. म्हणून ‘बंद आहे, उघडून पाहू’ हा विचार घातक ठरतो. आतील चौकट जाणत्या कारागिराखेरीज कोणीही उघडू नये.

अर्थिंगचे महत्त्वही तितकेच आहे. गिटारच्या तारा केबलमार्गे अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि कोठे दोष निर्माण झाला, तर वीज वादकाच्या हातापर्यंत पोचू शकते. ब्रिटनमधील गिटारवादक लेस हार्वे 1972 साली स्वान्सी येथे कार्यक्रमाच्या वेळी विजेच्या धक्क्याने मरण पावला. तेथील मायक्रोफोनला योग्य अर्थिंग नव्हते. जुन्या वाड्यांत आणि दुकानांवरील खोल्यांत आजही दोन पिनांचे सॉकेट आढळतात. तेथे तिसरी पिन मोडून किंवा अ‍ॅडॉप्टर लावून काम भागवू नये. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, मग यंत्र घरात आणावे.

परदेशातील नातलगांकडून यंत्र येणार असेल तर त्याच्या पाठीवरील पट्टी वाचावी. अमेरिकेतील यंत्रे 120 व्होल्टची असतात, आपल्याकडे 230 व्होल्टचा पुरवठा आहे. ते थेट जोडले तर पहिल्याच क्षणी जळण्याची भीती असते. फ्यूज गेला तर तेवढ्याच मापाचा नवा घालावा. तार किंवा चांदीचा कागद गुंडाळून तो ‘चालवून घेण्याची’ सवय येथे घर पेटवू शकते.

आता रोजची निगा. प्रथम आवाजाची कळ शून्यावर ठेवून मुख्य स्विच लावावा. ‘स्टँडबाय’ची वेगळी कळ असेल तर व्हॉल्व्ह तापेपर्यंत सुमारे मिनिटभर थांबून ती लावावी. वादन संपल्यावर आवाज उतरवून यंत्र बंद करावे आणि पूर्ण निवल्याशिवाय जागचे हलवू नये, कारण तापलेल्या व्हॉल्व्हमधील बारीक तंतू धक्क्याने तुटू शकतो. वीज गेली तर स्विच बंद करून ठेवावा, म्हणजे ती परत येतानाचा झटका यंत्राला बसत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर यांना जोडणारी तार काढून यंत्र कधीही चालू करू नये. स्पीकर नसेल तर आतील आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि ती दुरुस्ती फार महागात पडते. गिटारची केबल स्पीकरसाठी वापरू नये. दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी आतून वेगळ्या असतात.

वर्ध्याचा उन्हाळा या यंत्राची कसोटी पाहतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा मुळात तापणाऱ्या यंत्राला हवा मिळालीच पाहिजे. मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर असावी. जुन्या रेडिओवर विणलेले आच्छादन आणि त्यावर फुलदाणी ठेवण्याची आपल्या घरांतील हौस येथे आवरावी. आच्छादन घालायचे ते यंत्र निवल्यावरच, आणि वर पाण्याचा पेला तर मुळीच नको.

पावसाळ्यात ओल आणि जीवजंतू यांचा विचार करावा. चातुर्मासात आपण धान्य, भांडी, सरपण पाहूनच वापरतो. बंद पेटीच्या मागील जाळीतही मुंग्या, झुरळे, कोळी आसरा घेतात. म्हणून चालू करण्यापूर्वी प्लग काढलेला असताना मागून उजेड टाकून पाहावे आणि मऊ कुंचल्याने जाळी हलकेच झाडावी. असे प्रतिलेखन केल्याने जीव वाचतात आणि यंत्रही स्वच्छ राहते. आठवड्यातून एकदा थोडा वेळ यंत्र चालू ठेवले तर ओल धरत नाही.

व्हॉल्व्ह झिजतात. आवाज पडणे, घरघर वाढणे, मधेच फटफट होणे ही त्याची चिन्हे होत. आत फिकट निळसर चमक दिसली तर घाबरण्याचे कारण नसते. मात्र आतील धातूची पट्टी लालबुंद झाली तर तत्क्षणी यंत्र बंद करावे. आउटपुटचे व्हॉल्व्ह दोन असतील तर जुळणारी जोडीच घालावी. बहुतेक यंत्रांत त्यानंतर विद्युतप्रवाह पुन्हा जुळवावा लागतो. हे काम व्हॉल्व्ह हाताळलेल्या कारागिराचेच आहे. गावात असा कोणी नसेल तर नागपूरपर्यंत यंत्र नेण्याचे कष्ट घ्यावेत, पण घरी प्रयोग करू नयेत.

व्यापारी घराला हिशेबाची शिस्त शिकवावी लागत नाही. यंत्रासाठीही एक लहान वही ठेवावी: खरेदीची तारीख, व्होल्टेज, फ्यूजचे माप, व्हॉल्व्हचे क्रमांक, कोणता केव्हा बदलला. दिवाळीत वहीपूजनाच्या सुमारास, पावसाळा सरलेला असताना, वर्षाची तपासणी करून घ्यावी.

यंत्र केवढे घ्यावे, हा प्रश्न अपरिग्रहाशी येऊन पोचतो. घरातील खोलीसाठी 5 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरेसा होतो. 15 वॅटचा तर शेजारच्या घरालाही ऐकू जातो. गरजेपुरते यंत्र घेतले की पैसा, वीज आणि शेजाऱ्यांची शांतता या तिन्हींची बचत होते. आजी सामायिकाला बसली असेल तेवढा वेळ गिटार थांबावी, हे सांगायला तर कोणत्या नियमपुस्तिकेची गरज नाही.

ज्या घरात आजोबा आहेत, तेथे पहिल्या दिवशी स्विच त्यांच्या हातून लावून घ्यावा. नळ्या उजळेपर्यंत थांबायचे असते, हे त्यांना ठाऊक आहे. त्या मिनिटभरात ते नातवाला आपल्या रेडिओविषयीही दोन गोष्टी सांगतील.